हाड धरेपर्यंत

डेपोत बायका काही कमी नव्हत्या. तिकीट खिडकीवर होत्या, कार्यालयात होत्या, गाड्या धुणाऱ्या तर निम्म्याहून जास्त बायकाच. पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की ती सात नंबरची ड्रायव्हर, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नसे. एकोणीस वर्षं तिनं सात नंबर चालवली. रेल्वे स्टेशनपासून मोठ्या इस्पितळापर्यंत, बेचाळीस थांबे. उंचीनं बेताची, त्यामुळे सीट पार पुढे ओढून घ्यायची, आणि एकदा बसली की पाठ अशी ताठ, की टेकून बसायला हिला कुणी मनाई केलीय की काय असं मागच्यांना वाटावं. तोंडानं फटकळ. दारात लोंबकळणाऱ्याला ‘आत येताय, की उतरून माझ्याबरोबर धावताय?’ असं विचारायची, आणि माणूस निमूट आत यायचा. धक्का न देता गाडी थांबवण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. इस्पितळाची गाडी ती. पोटाला टाके पडलेले, पायाला प्लास्टर घातलेले लोक मुद्दाम तिच्या फेरीची वाट बघत उभे राहायचे.

ड्रायव्हरची मान म्हणजे बिनपगारी नोकर. दर थांब्याला एक आरसा, मग दार, मग दुसरा आरसा, मग खांद्यावरून मागचा रस्ता. दिवसाला सहा फेऱ्या. ती बिचारी एकोणीस वर्षं तक्रार न करता राबली आणि बाईच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं संप पुकारला. आधी उजव्या अंगठ्यात मुंग्या आल्या. मग खांद्यापासून मनगटापर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढतंय असं वाटू लागलं. एके सकाळी हातातला चहाचा कप सुटला, आणि सुटल्याचं तिला आवाजावरून कळलं, हातावरून नाही. त्या दिवशी मात्र ती घाबरली.

तपासण्या झाल्या. मानेच्या मणक्यांमधल्या दोन गाद्या झिजून मागे सरकल्या होत्या आणि हाताकडे जाणारी नस त्यांनी चेपून धरली होती. सर्जन उंच होते आणि शब्द मोजून वापरणारे. त्यांनी कागदावर मणके काढून दाखवले. गळ्याच्या पुढून छेद घ्यायचा, त्या गाद्या काढायच्या, त्यांच्या जागी हाडाचे तुकडे ठेवायचे, वरून धातूची पट्टी आणि सहा स्क्रू.

“पट्टी आणि स्क्रू नुसते आधाराला. खरं काम हाडाचं. तीन मणक्यांचं मिळून एक हाड झालं पाहिजे. ते धरलं पाहिजे.”

“किती दिवसांत धरतं?”

“तीन महिने, सहा महिने. एखाद्याला वर्ष.”

“आणि नाहीच धरलं तर?”

“बहुतेकांचं धरतं,” सर्जन म्हणाले.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल, तर उजवा हात हलवून बघितला. तार नव्हती. महिनोन् महिने हातात मुक्काम ठोकून बसलेलं दुखणं, कुणी दिवा मालवावा तसं गेलं होतं. तिनं नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला, पण घशातून बदकासारखा आवाज आला. सर्जननं आधी कल्पना दिली होती, काही आठवडे घसा बसेल, गिळायला त्रास होईल. नवऱ्याला शब्द कळले नाहीत, पण चेहरा कळला, आणि तो तिथेच खुर्चीवर बसून रडला.

नवरा म्हणजे अगदी मितभाषी गडी. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं त्याचं काम. केसाएवढा फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि दिवसभरात वीस वाक्यांच्या वर तो बोलत नसे. पण त्या महिन्यात त्याला वाचा फुटली. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो, विचारलेलं असो वा नसो, सांगत सुटला, “आमची ही आता ठणठणीत.”

घरी शुश्रूषेला नवऱ्याची थोरली बहीण आली. ही नणंद तेहेतीस वर्षं इस्पितळात सिस्टर होती. निवृत्त झाली तरी चालणं, बोलणं, चादरीचे कोपरे दुमडणं, सगळं वॉर्डातलंच. आल्या आल्या तिनं पलंगाची दिशा बदलली, आणि स्वयंपाकघरातली रोज लागणारी भांडी कमरेच्या उंचीवर आणून ठेवली, म्हणजे भावजयीला वर बघायला नको आणि वाकायलाही नको.

“ताई, अहो, मी काय काचेची आहे?” बाई त्या बदकाच्या आवाजात म्हणाली.

“काचेची असतीस तर माझ्या भावानं नीट सांभाळली असती. तू हाडामांसाची आहेस, म्हणून मला यावं लागलं. बोलू नकोस. घसा बसलाय तेवढे दिवस तरी या घराला शांतता लाभू दे.”

रोज सकाळी चहाबरोबर ताईंचा एक ठरलेला प्रश्न असायचा. “शून्य ते दहा. आकडा सांग.” शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. बाई आकडा सांगायची, ताई वहीत लिहायच्या. पहिल्या आठवड्यात पाच, मग चार, मग तीन. सहाव्या आठवड्यात गळ्यातला पट्टा निघाला. सातव्यात ती एकटी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आली. आठव्यात आकडा दोनवर आला, आणि ताई म्हणाल्या, “आता मी माझ्या घरी जायच्या तयारीला लागते.”

नवव्या आठवड्यात बाई टॉवेल घडी करत होती. काही उचललं नाही, झटका बसला नाही, शिंकसुद्धा आली नाही. उजव्या खांद्याच्या फऱ्यामागे कुणीतरी अंगठा रुतवावा तसं झालं, आणि तिथून ती ओळखीची तार अलगद दंडात उतरली. कोपराच्या अलीकडे थांबली. बाई टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली. श्वास घेतला की तार हलेल असं वाटत होतं.

दहा मिनिटांनी दुखणं ओसरलं. ती स्वतःला म्हणाली, अवघडलं असेल. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आलं. तिसऱ्या दिवशी गेलंच नाही.

“आकडा?” ताईंनी विचारलं.

“दोन.”

तो आकडा पाच होता.

खोटं बोलण्याचा तिचा स्वभाव नव्हता. पण पहिलं दुखणं आलं तेव्हा ती बातमी होती. सगळे धावून आले होते. आता पुन्हा दुखतंय म्हणायचं, म्हणजे इतक्या लोकांच्या आनंदावर पाणी ओतायचं. नवरा दुकानात सगळ्यांना सांगून बसला होता. ताई दोन महिने आपलं घर टाकून इथे राबत होत्या. आणि खरं कारण या सगळ्याच्या खाली होतं. चौथ्या महिन्यात डेपोची तपासणी होती. त्यात जो उतरला नाही, त्याला गाडी मिळत नसे. त्याला मिळायची ती हरवलेल्या वस्तूंची खिडकी. जिन्याखालच्या खोलीत, छत्र्या आणि एकेकट्या हातमोज्यांच्या राशीत. तिथे गेलेला ड्रायव्हर परत सीटवर आलेला कुणी पाहिला नव्हता. ती तिथे जाणार नव्हती.

मग लपवालपवी सुरू झाली. चहा ती डाव्या हातानं पिऊ लागली. ताई खोलीत आल्या की उजवा हात मांडीवर ठेवायची, म्हणजे बोटं थरथरलेली दिसू नयेत. व्यायाम शिकवायला एक तरतरीत मुलगी येत असे. हनुवटी आत ओढा, खांदे मागे न्या, पाच मोजा. दर आठवड्याला ती पकड मोजण्याचं यंत्र हातात द्यायची. दाबायचं, की काटा सरकतो. चोवीस होता, तो बावीसवर आला. “थकलात का आज?” मुलीनं विचारलं. “झोप झाली नाही,” बाई म्हणाली. पुढच्या खेपेला काटा घसरू नये म्हणून तिनं रोज दार लावून, गुंडाळलेला टॉवेल दोन्ही हातांनी पिळायचा सपाटा लावला. दात खाऊन पिळायची. डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. पुढच्या खेपेला काटा तेवीसवर गेला, आणि त्या दिवशी संध्याकाळी तिला केस विंचरायला हात वर नेता आला नाही. फणी हातातच राहिली. तिनं केस तसेच बांधले.

चौथ्या महिन्यात सर्जननं एक्स-रे दिव्यावर धरून पाहिला. वरच्या जागी बोट ठेवून म्हणाले, “इथे छान आहे.” खालच्या जागेशी जरा घुटमळले. “इथे अजून स्पष्ट दिसत नाही, पण धरत असावं. हाताचं काय? दुखतं?”

शेजारी नवरा बसला होता. त्यानं तिच्याकडे अशा काही उजळ चेहऱ्यानं बघितलं, की तिला मान वळवता येत नाही याचं बरंच वाटलं.

“नाही,” ती म्हणाली.

“मुंग्या?”

“नाही.”

सर्जननं क्षणभर पेन थांबवलं, मग सही केली. रिकामी गाडी चालवून बघायला हरकत नाही. परीक्षक बरोबर हवा.

डेपोचे परीक्षक म्हणजे ब्रेककाका. तीस वर्षं गाडी चालवून आता दुसऱ्यांचं चालवणं तपासायचे. बाजूच्या सीटवर बसले की त्यांचा पाय आपसूक फळीवर दाबला जायचा, जणू तिथेही ब्रेक आहे. म्हणून हे नाव. त्यांनी बाईला चौदा वर्षांपूर्वी लायसन्सच्या नूतनीकरणात नापास करायचा प्रयत्न केला होता, आणि तेव्हापासून त्यांच्याइतका तिचा अभिमान डेपोत कुणालाच नव्हता.

“या बाई! सात नंबर पोरकी झाली होती. त्या बदलीवाल्यानं गेल्या महिन्यात दोन आरसे फोडले.”

“दोनच? मला वाटलं, छप्परही काढून ठेवलं असेल.”

ती हसत सीटवर चढली. चढताना उजव्या हातानं दांडा धरला आणि तार थेट अंगठ्यापर्यंत गेली. तिनं ओठ आवळले. सीट पुढे ओढली. आरसे लावून घेतले. मान फार वळत नव्हती, तेव्हा कमरेपासून वळायचं, हे तिनं घरी खुर्चीवर बसून शंभरदा घोकलं होतं. गाडी सुरू झाली, तो ओळखीचा घरघराट पायाच्या तळव्यांतून वर आला, आणि तिचे डोळे भरून आले.

पहिला अर्धा तास तिनं अशी गाडी चालवली, की ब्रेककाकांचा पाय एकदाही फळीवर दाबला गेला नाही. बाजाराची वळणं झाली, पुलाचा चढ झाला. हात दुखत होता, पण ऐकत होता. तिला वाटलं, जमलं.

मोठ्या चौकातून बाहेर पडताना खांद्यावरून मागे बघावं लागतं. ती कमरेपासून वळली. कदाचित बोटभर जास्तच वळली. मानेतून विजेचा लोळ निघाला आणि हातातून खाली गेला. पुढच्या क्षणी तिचा उजवा हात स्टिअरिंगवर नव्हता. तो मांडीवर पडला होता, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. चाक वळलेलंच राहिलं, आणि गाडी सरळ व्हायच्या ऐवजी पदपथाकडे निघाली. तिथे एक माणूस बाळाची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडायला उभा होता. पुढची चाकं पदपथाखाली उतरलेली. बाळाच्या टोपीचा पिवळा रंग तिला दिसला.

डाव्या हातानं तिनं चाक ओढलं आणि ब्रेक दाबला. धक्का न देता थांबवायची एकोणीस वर्षांची सवय त्या पायानं याही वेळी सोडली नाही. गाडी मऊपणे थांबली. ढकलगाडी आणि बस यांच्यात एक हात अंतर होतं. त्या माणसाला वाटलं, आपल्यासाठीच थांबली. त्यानं हात वर करून आभार मानले आणि ढकलगाडी ढकलत निवांत पलीकडे गेला.

“वा!” ब्रेककाका म्हणाले. “मला तर दिसलाच नव्हता तो. याला म्हणतात लक्ष.” त्यांनी मांडीवरच्या कागदावर शेवटची खूण केली आणि सही करायला पेन टेकवलं.

कुणाला काही कळलं नव्हतं. त्या माणसाला नाही, काकांना नाही, मागे भोंगा वाजवणाऱ्या टेम्पोवाल्याला नाही. सही झाली की सोमवारपासून सात नंबर तिची. तिनं मांडीवरच्या हाताकडे बघितलं. बोटं हळूहळू परत येत होती, एकेक करून, उशिरा कामावर येणाऱ्या माणसांसारखी.

“काका, सही नका करू.”

“का हो?”

“मी त्याच्यासाठी नाही थांबले. माझा हात सुटला. गाडी त्याच्या अंगावर चालली होती.”

काकांनी पेन कागदावरून उचललं. “आत्ता सुटला? पहिल्यांदाच?”

“दुखतंय सात आठवडे. कुणाला सांगितलं नाही.”

मागचा भोंगा वाजतच होता. काका दार उघडून खाली उतरले, फिरून तिच्या बाजूला आले आणि हात पुढे केला. तिला उतरवून घेतलं, बाजूच्या सीटवर बसवलं आणि गाडी स्वतः डेपोत आणली. वाटेत एकदाच म्हणाले, “बाई, हे सांगायला लायसन्सपेक्षा मोठं काहीतरी लागतं.” ती ऐकत नव्हती. तिला ती पिवळी टोपी दिसत होती.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला आणि ताईंना समोर बसवून सगळं सांगितलं. नवरा उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. ताईंनी वही आणली, दोन दोन दोन लिहिलेली पानं उलटली आणि वही तिच्या मांडीवर टाकली.

“तेहेतीस वर्षं मी वॉर्डात काढली. गोळ्या जिभेखाली लपवणारे पाहिले, ताप उतरलेला दिसावा म्हणून थर्मामीटर फुंकणारे पाहिले. आणि माझ्याच घरात तू मला उल्लू बनवलंस!”

“चुकलं माझं, ताई.”

“तुझं चुकलंच.” ताईंचा आवाज एकदम खाली आला. “पण तू डाव्या हातानं चहा पितेस, हे मला तिसऱ्याच दिवशी दिसलं होतं. घरी जायचं लांबवत राहिले, पण मीही विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं तर खरं निघेल.”

नवरा खिडकीपासूनच म्हणाला, “आणि मी काय करत होतो? लोकांना नीट दिसावं म्हणून काचा घासत होतो.” त्या दिवसातलं ते त्याचं पहिलं वाक्य.

दुसऱ्या तपासणीत काय ते स्पष्ट झालं. वरच्या जागी हाड धरलं होतं. खालच्या जागी नाही. तिथे बारीकशी हालचाल होत राहिली होती, एक स्क्रू सैल झाला होता, आणि नस पुन्हा चिडली होती.

“मी टॉवेल पिळले म्हणून?” बाईनं विचारलं. “माझ्यामुळे?”

सर्जननं या वेळी शब्द मोजले नाहीत. “हाड का धरत नाही, ते शंभरातल्या नव्वद वेळा आम्हालाही सांगता येत नाही. तुमच्यामुळे धरलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण लवकर कळलं असतं तर नसेला इतके दिवस मार खावा लागला नसता. ती किती सावरेल, आता सांगता येत नाही.” आणि जरा थांबून म्हणाले, “मलाही त्या एक्स-रेची शंका आली होती. मी तुमच्या ‘नाही’वर जरा जास्तच विसंबलो.”

दुसरं ऑपरेशन मानेच्या मागून झालं. पहिल्यांदा शुद्धीवर आल्यावर दुखणं गेलेलं होतं. या वेळी शुद्धीवर येताना दुखणंच आधी जागं झालं. मागचे स्नायू कापावे लागले होते. कुणी मानगुटीवर बसून टाचा मारतंय असं वाटायचं. हातातली तारही जागच्या जागी. सर्जन म्हणाले, नसेला वेळ द्या. नवव्या दिवशी ताप चढला. ताईंनी जखमेवरची पट्टी उचलून पाहिली, आणि त्यांचा चेहरा बघून बाईला कळलं, की हे बरं नाही. टाक्यांच्या खालच्या टोकाला लाली होती, पाझर होता. तासाभरात ती पुन्हा इस्पितळात. जखम धुतली, सलाईनमधून औषधं सुरू झाली. आत धातूपर्यंत गेलं असेल तर सगळं उघडावं लागेल, असं कुणीतरी दाराबाहेर बोललं, आणि ते दाराच्या आत ऐकू आलं.

तीन दिवस ताई आणि नवरा आळीपाळीनं तिच्या उशाशी बसले. चौथ्या दिवशी ताप हटला. धातूपर्यंत गेलं नव्हतं.

त्यानंतरचे आठवडे सगळ्यांत वाईट. धोका टळला होता, त्यामुळे भेटायला येणारे आटले. दुखणं मात्र होतं. पाचव्या आठवड्यात एका दुपारी तिनं व्यायामाचा कागद टराटरा फाडला.

“नाही बरी व्हायची मी! सांगून टाका सगळ्यांना. त्यांच्या दुकानात पाटी लावा.”

ताईंनी तुकडे गोळा केले. “आज किती?”

“आठ. आठ, आठ, आठ! लिहा!”

“लिहिलं,” ताई म्हणाल्या. “ओरड अजून. शेजारी कामावर गेलेत.”

बाई ओरडली. मग रडली. मग हनुवटी आत ओढून पाच मोजले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

नवऱ्यात मात्र एक बदल झाला. दुकानात कुणी विचारलं, तर तो आता ‘ठणठणीत’ म्हणत नसे. “आज जरा जास्त दुखतंय तिला,” म्हणायचा, किंवा “काल बागेतल्या बाकावर अर्धा तास बसली.” त्याला नेमकं सांगायची सवय होतीच, ती त्यानं घरातही आणली. रोज संध्याकाळी कोमट पाण्याची पिशवी तिच्या खांद्याला लावून तो शेजारी बसायचा. एकदा तिनं विचारलं, “तुम्हाला कंटाळा नाही येत माझा?” त्यानं बराच विचार केला. “येतो कधीकधी,” म्हणाला, “पण तुझा नाही, या पिशवीचा येतो.” दोन महिन्यांनी ती पहिल्यांदा खळखळून हसली, आणि हसल्यामुळे मान दुखली, तरी थांबली नाही.

दुसऱ्या ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात तार कोपराच्या वर सरकली. दहाव्यात ती रोज यायची थांबली. वर्षाच्या शेवटी सर्जननं फोटो दाखवला. मणक्यांमध्ये फट उरली नव्हती. खालीसुद्धा. “धरलं,” ते म्हणाले. अंगठ्याचं टोक बधिर राहिलं होतं, पकड चोवीसवर कधी पोचली नाही. डेपोच्या वैद्यकीय मंडळानं पाच मिनिटांत निकाल दिला. प्रवाशांची गाडी पुन्हा चालवता येणार नाही.

ती रडली नाही. हे उत्तर तिनं स्वतः चौकात, गाडीत बसून दिलेलंच होतं. पण हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीचं नाव निघाल्यावर तिनं टेबलावर हात ठेवला. “छत्र्या मोजायला मला पाठवू नका. वेळापत्रकाच्या खात्यात एक जागा रिकामी आहे. तिथे बसलेल्यांपैकी एकानंही कधी गाडी चालवलेली नाही, आणि त्यांच्या वेळा गाठता गाठता आमच्या माना मोडतात. मला तिथे द्या.”

ब्रेककाकांनी लेखी शिफारस केली. जागा मिळाली. तिनं उभ्यानं काम करता येईल असं उंच टेबल मागून घेतलं, आणि पहिल्या तीन महिन्यांत सात नंबरच्या वेळेत इस्पितळाच्या शेवटच्या थांब्यावर सहा मिनिटं वाढवून घेतली. साहेबांना म्हणाली, “एवढ्या वेळात ड्रायव्हर उतरतो, अंग मोकळं करतो, मान फिरवतो. नाहीतर माझ्यासारखे अजून तयार होतील, आणि तुमच्याकडे एवढी उंच टेबलं नाहीत.”

अठराव्या महिन्यात, भर कामाच्या वेळी, खांद्याच्या फऱ्यामागे पुन्हा अंगठा रुतला. बाईच्या हातातलं पेन थांबलं. तीच जागा, तेच रुतणं. तिनं बसून घेतलं, दोन मिनिटं वाट पाहिली आणि मग तीन फोन केले. एक सर्जनच्या दवाखान्यात, एक नवऱ्याला, एक ताईंना, ज्या एव्हाना आपल्या घरी गेल्या होत्या.

“सहा आहे, ताई. सकाळपासून नाही, आत्ता दहा मिनिटांपूर्वी सुरू झालं. हातात उतरलेलं नाही.”

“मुंग्या?”

“नाहीत. खरंच नाहीत.”

“जा. आणि एकटी जाऊ नकोस.”

नवरा दुकानातला एप्रन तसाच घालून आला. बाह्यांवर काचेची पांढरी भुकटी. दवाखान्याच्या बाकावर दोघं अडीच तास बसली. तिनं त्याचा हात धरला होता, उजव्या हातानं, आणि त्या हातातून एकेक बोट निसटतंय का, हे ती पुन्हा पुन्हा तपासत होती.

सर्जननं फोटो बघितला, मग मान हातांनी चाचपली, फऱ्यामागच्या एका जागी दाबलं. ती कळवळली.

“हाड जागेवर आहे. स्क्रू जागेवर आहेत. हा स्नायू आखडलाय. किती वेळ सलग उभ्या असता?”

“पाच तास. कधी सहा.”

“मग ड्रायव्हरला सहा मिनिटं देणाऱ्या बाईंनी स्वतःला शून्य दिलीत,” सर्जन म्हणाले. नवऱ्यानं त्यांना हे कधी सांगितलं होतं, कोण जाणे.

बाहेर आल्यावर तिला हुंदका फुटला. भीतीचा की सुटकेचा, तिलाही कळलं नसतं. नवऱ्यानं एप्रनच्या कोपऱ्यानं तिचे डोळे पुसायला घेतले आणि भुकटी आठवून हात मागे घेतला. शेवटी तिनं स्वतःच्याच बाहीनं पुसले.

“अहो, हे असंच चालणार का? जरा दुखलं की जीव टांगणीला?”

“चालेल बहुतेक,” तो म्हणाला. “आपण येत जाऊ.”

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. फऱ्यामागे दुखत होतंच; चार, फार तर साडेचार. अकराला तिनं पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला सांगितलं, “मी दहा मिनिटं आडवी होणार आहे. कुणी विचारलं तर आडवी झालेय म्हणूनच सांगा, फायली शोधायला गेलेय म्हणू नका.” मग मागच्या खोलीतल्या लांब बाकावर घडी केलेलं जॅकेट मानेखाली घेऊन ती सरळ आडवी झाली. दार तिनं उघडंच ठेवलं.